सोळावी टोपी

सोमवारी सकाळी काकासाहेब वाबळ्यांनी नवी पांढरी टोपी गुडघ्यावर घेतली, तिच्या घडीत एक चौपदरी कागद सारला आणि वरून तळहातानं दाब दिला. मान वर केली, तर दारात पुष्पावतीबाई. हातात बेलाचं तबक.

"काय न्हाई," काकासाहेब म्हणाले, "टोपीला इस्त्री करतूय."

पुष्पावतीबाई बोलल्या नाहीत. बोलणार कशा? त्यांच्या सोळा सोमवारांचं आज उद्यापन होतं, आणि उद्यापनाच्या दिवशी पंगत उठेपर्यंत मौन, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. त्यांनी तबक खाली ठेवलं, खुंटीवरची पाटी काढली आणि लिहिलं, 'कागद कसला?'

"समर्थचा. आदिनाथला द्यायचाय."

हे ऐकलं मात्र, पुष्पावतीबाईंच्या हातातली पेन्सिलच मोडली.

आदिनाथ म्हणजे काकासाहेबांचा धाकटा भाऊ. पुष्पावतीबाई या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा हा दीर बारा वर्षांचा होता आणि त्याच्या चड्डीला मागून ठिगळ होतं. आज तो लेफ्टनंट जनरल होता. दिल्लीत ज्या टेबलावर सैन्यातल्या लाखो माणसांच्या रजा, बदल्या, बढत्या नि पेन्शनी यांचे नियम ठरतात, त्या टेबलामागची खुर्ची त्याची. बेलापूरच्या अलीकडच्या या मळ्यातून सायकलवर शाळेला गेलेला मुलगा एवढा मोठा झाला, याचं सगळ्या पंचक्रोशीला भूषण. मात्र त्याच्या हुद्द्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नव्हतं. म्हणून गावानं आपलं सुटसुटीत नाव पाडलं होतं, 'बदल्यांचा साहेब'.

आणि समर्थ म्हणजे पुष्पावतीबाईंचा मुलगा. तोही सैन्यातच, नाईकाच्या हुद्द्यावर. काकाचं नाव न सांगता भरतीत धावला आणि लागला. उत्तरेच्या बर्फात दोन हिवाळे काढून आता तिसऱ्यात होता. घरी बायको राजनंदिनी, आणि आठ महिन्यांची मुलगी, जी बापाला फक्त मोबाईलच्या काचेत ओळखत होती. समर्थ डोंगरावरून खाली यावा, एवढ्यासाठीच पुष्पावतीबाईंनी श्रावणात सोळा सोमवार धरले होते. दिराला एक शब्द टाकला नव्हता. देवाकडे मागायला भीड पडत नाही, माणसाकडे पडते.

त्यातून समर्थनं आठ दिवसांपूर्वीच फोनवर बजावलं होतं, "आई, माझा नंबर आलाय. अर्ज रीतसर वर गेलाय. फक्त काकांपर्यंत कुणाला काही बोलू देऊ नको. त्यांनीच नियम केलाय. बाहेरून कुणाचा वशिला आला, की त्या जवानाच्या अर्जावर तांबडा शेरा पडतो आणि अर्ज ढिगाच्या तळाला जातो. मग आणखी एक हिवाळा. तुम्ही फक्त गप्प बसा."

पुष्पावतीबाई तर अक्षरशः गप्प बसल्या होत्या. काकासाहेबांचं काय करायचं?

त्यांनी उरलेल्या तुकड्यानं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वशिला लावला की अर्ज शेवटी. कागद काढा.'

काकासाहेबांनी वाचलं आणि हसले. "अगं, असले नियम परक्यांसाठी असत्यात. मी सख्खा भाऊ हाय. खांद्यावर बसवून बेलापूरच्या बाजारात नेलाय त्याला. हातात कागद घेत न्हाई म्हनतो ना तो? नको घिऊ. डोक्यावर घे!"

आणि टोपी काखोटीला मारून ते मांडवात निघून गेले.

युक्ती तशी नामी होती. आमच्याकडची जुनी माणसं बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, सगळं टोपीच्या घडीतच ठेवतात. तिथला कागद कधी हरवत नाही. आणि पाहुण्याला टॉवेल-टोपी घातल्याशिवाय गावात कुणाचा सत्कार होत नाही. 'गावात मी कागद घेणार नाही, चहा घेईन,' असं आदिनाथ दर खेपेला सांगायचा. टोपी घेणार नाही, असं तो थोडाच म्हणाला होता?

चूक एवढीच झाली, की ही युक्ती काकासाहेबांनी एका माणसाला सांगितली. बिभीषण कंडक्टरला. बत्तीस वर्षं एसटीत ओरडून थांबे सांगितलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नसतं.

*

अकराच्या सुमारास आदिनाथ आला. लाल दिवा नाही, शिपाई नाही. शिर्डीहून भाड्याची गाडी करून तो आणि बायको राजेश्वरी, दोघंच. उतरल्याबरोबर वहिनींच्या पायाशी वाकला. पुष्पावतीबाईंनी नुसता हात ठेवला डोक्यावर. त्याला मौनाचं ठाऊक होतं. तोही काही बोलला नाही, फक्त हसला.

"किती दिवस हाय मुक्काम?" काकासाहेबांनी विचारलं.

"उद्या निघायचं, दादा. चार दिवस रजा मागितली होती, दोन मिळाली."

मांडवातली माणसं चमकली. "सायेब, तुमाला बी रजा मागावी लागती?" बिभीषणनं विचारलं.

"लागते की. फॉर्म भरून."

"आन् कमी केली तर?"

"तर कमी करून घ्यायची. मीच केलेला नियम आहे, रडणार कुणापुढं?"

सगळे हसले. पण पुष्पावतीबाईंची नजर काकासाहेबांच्या काखोटीतल्या टोपीवर गेली. स्वतःला जो दोन दिवस जास्त देत नाही, तो पुतण्याला काय सवलत देणार?

सोळा मेहुणं सांगितली होती. मेहूण म्हणजे नवराबायकोची जोडी; उद्यापनाला सोळा जोड्या शेजारी शेजारी बसून जेवल्या पाहिजेत. गावातल्या पंधरा आणि आदिनाथ-राजेश्वरी ही सोळावी. भरल्या पंगतीतून एक जरी जोडी उठली, तरी उद्यापन अपुरं, परत सोळा सोमवार. असं भटजींनी दोनदा सांगितलं होतं.

पूजा झाली आणि सत्काराला सुरुवात झाली. पहिला मान बिभीषणनं साधला. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात. टोपी बसवताना 'कर्रर्र' असा बारीक आवाज आला.

"वा," आदिनाथ म्हणाला, "कडक आहे."

दुसरा श्रीमंत पाटील. आधीची टोपी काढून बाजूच्या स्टुलावर, नवी डोक्यावर. कर्रर्र. तिसरा कानिफनाथ दूधवाला. कर्रर्र. चौथ्या टोपीला पुष्पावतीबाईंच्या ध्यानात आलं, की हा आवाज इस्त्रीचा नाही, घडीतल्या कागदाचा आहे. गावानं अख्खं टपाल आणलं होतं! आणि सगळ्यांनी टोप्या बेलापूरच्या एकाच दुकानातून घेतलेल्या. पांढऱ्या, सारख्या, एकीवर एक. यात समर्थचा कागद कुठला?

त्यांनी देवाकडे पाहिलं. महादेव शांत होता. त्याचं काय जातंय?

पण व्रत करणाऱ्या बाईला एक गोष्ट पाठ असते. कुठलाही मान घेतला, की तो परतही करायचा असतो. मेहुणांतल्या पुरुषांना द्यायला म्हणून त्यांनी कोठीत सोळा टोप्या आणून ठेवल्याच होत्या. त्या तशाच राहू द्याव्यात. या स्टुलावरच्याच टोप्या तबकात घालाव्यात आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर परत जाव्यात. एकही कागद गावाची शीव ओलांडणार नाही. समर्थचाही नाही, दुसऱ्या कुणाच्या लेकराचाही नाही. तांबडा शेरा त्यांच्यावर तरी का पडावा?

तेवढ्यात आतून चुरमा लागल्याचा वास आला आणि त्या स्वयंपाकघरात धावल्या. परत येईतो सत्कार आटोपला होता. त्यांनी स्टुलावरची चळत तबकात घेतली आणि दिरापुढे पाटी धरली, 'मेहुणांचा मान तुमच्या हातून.'

आदिनाथनं तबकाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मिशी किंचित हलली. "हुकूम," तो म्हणाला आणि उठला.

एकेकाच्या डोक्यावर टोपी बसत गेली. गावकऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. पेटीत टाकलेलं पत्र पोस्टमननं त्याच पावली आणून द्यावं, तसं. पुष्पावतीबाई मनात मोजत होत्या. तेरा. चौदा. पंधरा. तबक रिकामं झालं.

पंधरा? बिभीषण आणि मंडळींच्या पंधरा. मग काकासाहेबांची सोळावी कुठं?

त्यांनी मान वर केली. आदिनाथच्या डोक्यावर एक टोपी होती. घरधनी म्हणून काकासाहेबांनी सगळ्यात शेवटी घातली होती, आणि ती तिथंच राहिली होती. सगळ्या गावाचे कागद परत गेले होते. तेवढा समर्थचा दिल्लीला निघाला होता.

*

पानं मांडली. आदिनाथ हातपाय धुऊन आला, टोपी डोक्यावर तशीच. राजनंदिनी आणि श्रीमंत पाटलाची सून पंकजा वाढायला होत्या. पुष्पावतीबाई पाटी घेऊन दिरापाशी गेल्या. 'मांडवात ऊन नाही. टोपी काढून बसा.'

"राहू द्या, वहिनी. जेवताना डोकं झाकावं, हे तुम्हीच शिकवलंय मला."

त्यांनी कोठीतली कोरी टोपी राजनंदिनीच्या हातात दिली आणि खूण केली.

"काका, ही घाला," राजनंदिनी म्हणाली. "ती... जरा मळल्यागत दिसतेय."

"ही दादाची आहे, बाळा. ही उतरवून दुसरी घातली, तर दादा आठ दिवस रुसेल."

"महिना!" काकासाहेब पलीकडून अभिमानानं म्हणाले.

आता उपाय एकच, स्वतः हात घालून टोपी काढणं. पण भरल्या मांडवात पुरुषाच्या डोक्यावरची टोपी बाईनं उतरवायची? तीही जनरलच्या? पुष्पावतीबाईंनी ओठ घट्ट मिटले, डाव्या हातातली माळ फिरवली आणि पंगतीच्या टोकाला उभ्या राहिल्या.

पहिला घास पोटात जातो न जातो, तोच बिभीषणला राहवलं नाही. आपला कागद परत आला, तर साहेबानं त्यावर काही लिहिलं तरी आहे का, ते बघायला त्यानं टोपीच्या घडीत बोट घातलं. निघाले दोन कागद. आणि दोन्ही त्याचे नव्हते. तबकात टोप्यांची सरमिसळ झालेली. पण हातात छापील किंवा लिहिलेलं काही आलं, की मोठ्यानं वाचायची त्याची जुनी सवय.

"'सायेबांना नमस्कार. माझा मुलगा कल्यान याची बदली नगरला करावी, घरी आईबाप थकले हाईत. श्रीमंत पाटील.' अरं, हे तर तुझं हाय की, श्रीमंता! आन् हे दुसरं," त्यानं कागद उलटला, "'साहेब, सासऱ्यांचा अर्ज मंजूर करू नये. ह्यांना नगरला आणू नये. त्यापेक्षा मला तिकडे क्वार्टर द्यावं. मी इथं पाच वर्षं भाकरी थापतेय. सौ. पंकजा.'"

पंकजाच्या हातातली आमटीची बादली डुचमळली.

"टोपी इस्त्रीला तुझ्याकडं दिली हुती मी!" श्रीमंत ओरडला.

"मग इस्त्री केली की," पंकजा हळूच म्हणाली.

"बाहेर नाचक्की केलीस! आन् तू रं कंडक्टर, दुसऱ्याचं वाचतूस? थांब." त्यानं आपल्या डोक्यावरची टोपी ओरबाडली, कागद काढला. "हे बघा! 'माझ्या जावयाची बदली संगमनेरहून श्रीरामपूरला करावी. बिभीषण.' आरं येड्या, तुझा जावई तलाठी हाय! त्याला सायेब काय रणगाड्यातून आननार का?"

"बदली म्हंजे बदली," बिभीषण फणकारला. "खातं कुठलं का असंना, सायेबाचा हात त्यात बसलेला हाय."

हसण्याचा असा लोट उठला, की श्रीमंत आणखीच पेटला. त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "ऊठ गं, रतनबाई. ह्या पंगतीत जेवायचं न्हाई आपल्याला." रतनबाई बिचारी तोंडातला घास तसाच धरून अर्धवट उठली.

पुष्पावतीबाईंनी डोळे मिटले. जोडी उठली की सगळं गेलं. सोळा सोमवार गेले, समर्थचा हिवाळा गेला. ओरडावं, 'भाऊ, बसा हो!' तर मौन मोडतं, तेही गेलंच.

तेव्हा आदिनाथ उठला नाही. मेहूण उठत नसतं, हे त्याला ठाऊक होतं. तो बसल्या जागेवरूनच, आवाज न चढवता बोलला.

"श्रीमंतदादा, बसून ऐकाल का? दोन अर्ज झाले. बापाचा एक, बायकोचा एक. तिसरा कुठं आहे?"

"तिसरा कुनाचा?"

"कल्याणचा. ज्याची बदली करायची, त्याला कुणी विचारलंय का?"

श्रीमंतनं रतनबाईकडे पाहिलं. रतनबाईनं पंकजाकडे. पंकजानं बादलीत.

"माझ्यापुढं रोज हजार अर्ज येतात, दादा. निम्मे असेच. गाव मागतं, मामा मागतो, आमदार मागतो. पोराला पत्ताच नसतो. आणि ज्या पोराचं कुणी नाही, तो तिकडं बर्फात गपचूप आपल्या नंबराची वाट बघत असतो. त्याच्यासाठी केलाय तो नियम." क्षणभर थांबून त्यानं गावाकडचा सूर लावला. "आन् सरकारनं मला लई अधिकार दिलेत. पण सासरा आन् सून ह्यांच्या मधी बदली करायचा न्हाई दिला. ते तुमचं तुमी बघा. चुरमा गार होतोय."

पहिल्यांदा रतनबाई हसली. मग श्रीमंत. "बस गं खाली," तो बायकोला म्हणाला, "आन् पंकजा, आमटी वाढ. फोन कर त्याला संध्याकाळी, ईचार काय म्हनतोय."

"आणि हे कागद?" कानिफनाथनं भीत भीत विचारलं.

"कसले कागद?" आदिनाथ म्हणाला. "मी टोप्या घेतल्या, टोप्या परत दिल्या. जे मी वाचलं नाही, त्यावर शेरा नाही."

*

"पार्वतीपते हर हर महादेव!"

पंगत उठली. सोळाच्या सोळा जोड्यांनी हात धुतले. पुष्पावतीबाईंचं मौन सुटलं. देवाचं नाव घ्यायचं सोडून त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं, "भाऊजी, टोपी द्या!"

आदिनाथनं मुकाट्यानं टोपी उतरवून त्यांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी घडीत बोटं घातली. कागद होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"समर्थचा कागद दादाच्या बंडीच्या खिशात आहे," आदिनाथ म्हणाला. "हात धुवायला गेलो तेव्हाच घातला. न उघडता; दादा आणखी कुणासाठी लिहिणार? आणि वहिनी, घरच्या माणसांची फाईल माझ्याकडे येतच नाही. दुसरा अधिकारी बघतो. तोही माझाच नियम."

काकासाहेबांनी खिसा चाचपला. चौपदरी कागद निघाला. त्यांचा चेहरा इतका पडला, की पुष्पावतीबाईंना हसू आवरेना.

"मग ह्यो कसला?" हातातला कागद दाखवत त्यांनी विचारलं.

आदिनाथनं मागं वळून बघितलं. राजेश्वरी लांब, तान्हीला घेऊन बसली होती. मग चाळीस वर्षं गणवेशात ताठ उभा राहिलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

"वाचा."

औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

'प्रति, श्री महादेव. पुष्पावती वहिनींच्या हस्ते. विषय: निवृत्तीनंतर गावी बदली मिळणेबाबत. अर्जदार एकतीस मार्चला निवृत्त होत आहे. नोकरीत बावीस घरं बदलली. शेवटचं घर मळ्यात, विहिरीजवळ असावं अशी इच्छा आहे. सौ. राजेश्वरी यांचा कल पुण्यातल्या सातव्या मजल्याकडे दिसतो. तरी वहिनींनी आपला शब्द टाकावा. त्यांच्या शब्दाला तिथं वजन आहे, हे अर्जदाराला लहानपणापासून ठाऊक आहे.'

पुष्पावतीबाईंचे डोळे भरून आले. याच पोराच्या मुलाखतीच्या वेळी त्यांनी पहिले सोळा सोमवार धरले होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिली.

"भाऊजी, तिथं वशिला चालत न्हाई."

"वहिनी!"

"बाहेरून चिठ्ठी आली, की महादेव बी तांबडा शेरा मारतो. अर्जदारानं सवता यायचं. पुढच्या सोमवारपासून धरा. सोळा व्हत्यात बराबर मार्चात."

*

दहा दिवसांनी समर्थचा फोन आला. बदली झाली होती, आपल्या नंबरानं. नगर नव्हे, जोधपूर. पण घर मिळणार होतं, आणि राजनंदिनी नि मुलीला नेता येणार होतं.

"सख्खा काका बदल्यांचा सायेब, आन् पोराला वाळवंट!" काकासाहेब दिवसभर कुरकुरले. पुष्पावतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आदिनाथचा फोन दर सोमवारी यायचा. तिसऱ्या सोमवारी आवाज अगदी बारीक होता.

"वहिनी, घोटाळा झाला. मीटिंगमध्ये समोर बशी होती. बोलता बोलता एक बिस्किट खाल्लं."

"मग ह्यो सोमवार मोजायचा न्हाई."

"एक बिस्किट, वहिनी! घरचा माणूस आहे, सांभाळून घ्या."

"घरच्या मान्साला कसला नियम, असं म्हननारे तुमचे दादा. तुमी न्हाई."

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. "दुसरा काही मार्ग नाही?"

"हाय की. लई सोपा हाय." पुष्पावतीबाईंनी आवाज हळू केला. "श्रीमंतभाऊला तुमीच म्हनला हुता, ज्याची बदली करायची त्याला ईचारलं का म्हनून. राजेश्वरी शेजारच्या खोलीत असंल न्हवं? तिला ईचारलंय का कधी?"

दिल्लीहून दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग लाखो माणसांचे नियम ठरवणारे ते साहेब हळूच म्हणाले,

"वहिनी, त्यापेक्षा मी सतरावा सोमवार धरतो."